अणूची मूठ किती घट्ट?

मीठ घातलेल्या भाताचे पाणी उतू गेले, की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. घरोघरी रोज दिसणारा हा प्रकार. गृहिणी घाईने गॅस बारीक करते आणि ज्योत पुन्हा निळी होते. त्या क्षणभराच्या पिवळ्या रंगामागे मिठातील सोडियम असतो. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमच्या अणूतील सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतो आणि लगेच खाली उतरतो. उतरताना, उसनी घेतलेली ऊर्जा तो पिवळ्या प्रकाशाच्या रूपाने परत करतो.

पण त्याच इलेक्ट्रॉनला आणखी मोठा धक्का मिळाला तर? मग तो खाली उतरत नाही. अणूची संगत सोडून तो चालू लागतो. मागे उरतो तो एक इलेक्ट्रॉन गमावलेला, धन विद्युतभार असलेला अणू. त्याला आयन म्हणतात. वायुरूपातील एकट्या अणूपासून त्याचा सर्वांत सैल इलेक्ट्रॉन सोडवून घेण्यासाठी जेवढी किमान ऊर्जा खर्चावी लागते, ती त्या मूलद्रव्याची आयनीभवन ऊर्जा. साध्या भाषेत सांगायचे तर अणूची मूठ किती घट्ट आहे, याचे हे माप होय.

ही ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजतात. टॉर्चच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्या दाबाखाली धावणाऱ्या एका इलेक्ट्रॉनला दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. सोडियमचा पिवळा प्रकाश निघतो तो सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या उडीतून. त्याचा इलेक्ट्रॉन कायमचा सोडवायला मात्र ५.१४ लागतात, म्हणजे जवळपास साडेतीन सेलांचा दाब. सर्वांत ढिली मूठ सीझियमची. तिला ३.८९ पुरतात. सर्वांत घट्ट मूठ हेलियमची. ती उघडायला २४.५९ लागतात, म्हणजे सोळाहून अधिक सेल!

हे मोजमाप सुरुवातीला कसे झाले, हेही मनोरंजक आहे. १९१४ साली जर्मनीत जेम्स फ्रँक आणि गुस्ताव हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले आणि दाब हळूहळू वाढवत नेला. ४.९ व्होल्टला इलेक्ट्रॉन एकाएकी आपली ऊर्जा गमावून बसू लागले. पाऱ्याचा अणू येथे फुटतो, असा दोघांचा समज झाला. प्रत्यक्षात तो फुटत नव्हता. त्याचा इलेक्ट्रॉन फक्त वरच्या पायरीवर चढत होता. पाऱ्याची मूठ उघडायला १०.४ लागतात, हे नंतर स्पष्ट झाले. तरीही अणूतील ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनीच वाढते, याचा तो पहिला थेट पुरावा होता. १९२५ सालचे नोबेल पारितोषिक दोघांना त्याच कामासाठी मिळाले.

वरून खाली, डावीकडून उजवीकडे

मेंडेलीफने १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. पण त्या सारणीच्या प्रत्येक घरात आज आयनीभवन ऊर्जेचा आकडा लिहिला, तर त्यातून एक सुंदर नक्षी उमटते.

पहिल्या उभ्या गणात वरून खाली यावे. लिथियम ५.३९, सोडियम ५.१४, पोटॅशियम ४.३४, रुबिडियम ४.१८ आणि सीझियम ३.८९. मूठ सैल होत जाते. कारण सोपे आहे. प्रत्येक पायरीला अणूत इलेक्ट्रॉनांचे एक नवे कवच वाढते आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातो. शिवाय आतल्या कवचांतील इलेक्ट्रॉन मध्ये भिंतीसारखे उभे राहतात. केंद्रातील प्रोटॉनांची संख्या वाढते खरी, पण त्यांचा ओढा बाहेरपर्यंत पुरता पोहोचत नाही. घर मोठे झाले आणि माणसे वाढली, की माजघरातून मारलेली हाक ओसरीवर नीट ऐकू येत नाही, तसेच हे. सोडियमचा तुकडा प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. पाण्यात पडताच तो सुसाट पळत सुटतो. पोटॅशियम पाण्यावर जांभळट ज्योतीने पेट घेतो. रुबिडियम आणि सीझियम तर पाण्याला भेटताच स्फोट घडवतात. या दांडगाईला इतरही कारणे आहेत, पण ढिली मूठ हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण.

आता आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे जावे. लिथियमचे ५.३९ आणि त्याच ओळीच्या शेवटी असलेल्या निऑनचे २१.५६. येथे मूठ घट्ट होत जाते, कारण कवच तेच राहते आणि केंद्रातील प्रोटॉन मात्र एकेकाने वाढत जातात. एकाच कवचातील इलेक्ट्रॉन एकमेकांना फारसा आडोसा देऊ शकत नाहीत. परिणामी, केंद्राचा ओढा सर्वांनाच अधिक जाणवतो आणि अणू आकसून लहान होतो. निऑननंतर नवे कवच सुरू होते आणि २१.५६ वरून आकडा एकदम सोडियमच्या ५.१४ वर कोसळतो. डोंगर चढून माथ्यावर जावे आणि पुढचे पाऊल थेट दरीत पडावे, तसे.

परंतु हा चढ अगदी सरळ नाही. बेरिलियमचे ९.३२, तर पुढच्या बोरॉनचे ८.३०. नायट्रोजनचे १४.५३, तर पुढच्या ऑक्सिजनचे १३.६२. चढणाऱ्या वाटेवर दोन ठिकाणी उतार का यावा? बोरॉनचा नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचातील थोड्या वरच्या, म्हणजे मुळातच सैल जागेवर बसतो. म्हणून तो लवकर सुटतो. ऑक्सिजनची गोष्ट एस. टी.च्या बसमधल्यासारखी आहे. बसमध्ये शिरणारा प्रवासी आधी रिकामा बाक शोधतो. सगळ्या बाकांवर एकेक माणूस बसल्यावरच पुढचा प्रवासी नाइलाजाने कुणाच्या तरी शेजारी बसतो. नायट्रोजनमध्ये तीन बाकांवर तीन इलेक्ट्रॉन ऐसपैस बसलेले असतात. ऑक्सिजनच्या चौथ्याला जागा वाटून घ्यावी लागते. दोन ऋण भार एकमेकांना ढकलतात आणि त्यांतील एकाला उठवणे सोपे जाते. अपवाद वाटणारे हे दोन आकडे खरे तर अणूच्या आतली आसनव्यवस्थाच उघड करून दाखवतात.

दुसरा इलेक्ट्रॉन काढताना

एक इलेक्ट्रॉन काढल्यावर दुसरा काढता येतो का? येतो, पण किंमत वाढते. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ५.१४ ला सुटतो. दुसऱ्यासाठी मात्र ४७.२९ मोजावे लागतात. मॅग्नेशियमचे पहिले दोन ७.६५ आणि १५.०४ ला निघतात, तिसऱ्याला ८०.१४ लागतात. ॲल्युमिनियम तीन इलेक्ट्रॉन देतो आणि चौथ्यासाठी सुमारे १२० मागतो. जेथे आकडा एकदम उसळी घेतो, तेथे बाहेरचे कवच संपले आणि आतले, भरलेले कवच लागले असे समजावे. सोडियम संयुगांत एकच इलेक्ट्रॉन देतो, मॅग्नेशियम दोन आणि ॲल्युमिनियम तीन, हे शाळेत पाठ केलेले नियम या उसळीतून आले आहेत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'सोडियमला इलेक्ट्रॉन नको असतो, तो आनंदाने देऊन टाकतो,' असे पुष्कळदा शिकवले जाते. सारणीतील एकही अणू इलेक्ट्रॉन फुकट देत नाही. सीझियमसुद्धा नाही. सोडियमकडून इलेक्ट्रॉन घ्यायला ५.१४ खर्च होतात आणि क्लोरीनला तो दिल्यावर त्यातले ३.६१ परत मिळतात. म्हणजे व्यवहार तोट्याचाच! ही तूट भरून निघते ती सोडियम आणि क्लोरीनचे आयन मिठाच्या स्फटिकात शिस्तीने शेजारी-शेजारी बसल्यावर, त्यांच्या परस्परांतील ओढीमुळे. चिमूटभर मिठामागे एवढा जमाखर्च आहे.

दोन आकड्यांची जुळणी

सारणीच्या उजव्या टोकाला असलेले हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन हे वायू कुणाशीच संयोग पावत नाहीत, असे अनेक वर्षे पुस्तकांत छापले जात होते. १९६२ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हाती प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड हा विलक्षण आक्रमक वायू होता. त्याने चक्क ऑक्सिजनच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतला होता. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीभवन ऊर्जा १२.०७. बार्टलेटने तक्ता उघडून पाहिले, तर झेनॉनची १२.१३. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच! मग जे ऑक्सिजनवर साधले, ते झेनॉनवर का साधू नये?

२३ मार्च १९६२ रोजी त्याने रंगहीन झेनॉन आणि लालसर प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड यांच्यामधील पडदा फोडला. क्षणार्धात पिवळसर घन पदार्थ तयार झाला. 'निष्क्रिय' म्हणून ज्याची ओळख होती, त्या वायूचे ते पहिले संयुग होते. पुस्तकातील ठाम विधानापेक्षा तक्त्यातील दोन आकड्यांवर बार्टलेटने विश्वास ठेवला आणि रसायनशास्त्राची पाने नव्याने लिहावी लागली.

कलकत्त्याहून ताऱ्यांकडे

याच आकड्यांवर त्याच्याही बेचाळीस वर्षे आधी कलकत्त्यात एका सव्वीस वर्षांच्या अध्यापकाने विश्वास ठेवला होता. त्याचे नाव मेघनाद साहा.

ढाक्याजवळच्या एका खेड्यात, जे आज बांगलादेशात आहे, ६ ऑक्टोबर १८९३ रोजी साहांचा जन्म झाला. वडिलांचे छोटेसे किराणा दुकान. मुलाने शिकावे अशी घरची ऐपत नव्हती. दूरच्या गावातील एका डॉक्टरांनी आपल्या घरी आसरा दिला, म्हणून पुढची शाळा घडली. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत गव्हर्नरांच्या भेटीवर बहिष्कार घातला, म्हणून शाळा आणि शिष्यवृत्ती दोन्ही गेल्या. पुढे कलकत्त्याच्या वसतिगृहात, केवळ जातीमुळे, काही विद्यार्थ्यांना हा मुलगा आपल्या पंगतीला नको होता. सत्येंद्रनाथ बोस त्याचे वर्गमित्र होते, तर जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे गुरू. कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात तो शिकवू लागला, तेव्हा जवळ मोठी दुर्बीण नव्हती की सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. पूर्वी एक लेख अमेरिकेतील नियतकालिकाकडे पाठवला, तर छपाईच्या खर्चाची मागणी आली. तेवढे पैसे नव्हते, म्हणून तो सविस्तर लेख तेथे छापला गेलाच नाही.

त्या काळी खगोलशास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला, की वर्णपटात काळ्या रेषा दिसतात. कोणती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे ठाऊक होते. हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी लक्षावधी ताऱ्यांची या रेषांवरून प्रतवारी लावली होती. पण काही ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक, काहींत कॅल्शियमच्या, तर काहींत हेलियमच्या, असे का? ते वेगवेगळ्या द्रव्यांचे बनले आहेत काय? सूर्याचेच पाहावे, तर सोडियमच्या रेषा स्पष्ट दिसत, पण त्याच गणातील रुबिडियमचा पत्ता नव्हता. शिवाय सूर्याच्या वातावरणात हजारो किलोमीटर उंचीवर, जेथे हलका हायड्रोजन असावा, तेथे त्याच्या चाळीसपट जड कॅल्शियमचे आयन आढळत.

वर्गात उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र शिकवत असताना साहांच्या वाचनात एग्गर्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा लेख आला. ताऱ्यांच्या अंतरंगात अणू कसे फुटत असतील याचा हिशेब त्यात मांडला होता, पण अणूच्या मुठीचे आकडे अंदाजाने घेतले होते. साहांनी नेमके तेच ओळखले. प्रत्येक मूलद्रव्याचा मोजलेला, खरा आकडा या सूत्रात घातला पाहिजे. १९२० साली त्यांनी कलकत्त्याहून पाठवलेला लेख इंग्लंडमधील 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'ने छापला.

साहांचे म्हणणे थोडक्यात असे. ताऱ्याच्या वातावरणात किती अणू आयन झालेले असतील, हे तीन गोष्टींवर ठरते: तापमान, दाब आणि त्या अणूची आयनीभवन ऊर्जा. तापमान वाढले, की टकरींचा जोर वाढतो आणि इलेक्ट्रॉन सुटतात. दाब कमी झाला, म्हणजे गर्दी विरळ झाली, की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा आयन भेटणे दुर्मीळ होते. म्हणून सूर्याच्या विरळ, उंच थरात कॅल्शियमचे अणू, ज्यांची मूठ ६.११ ची, बहुतेक आयन होऊनच राहतात. रुबिडियमची मूठ त्याहून सैल, ४.१८. सूर्याच्या पृष्ठभागावरील साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत त्याचे जवळजवळ सारे अणू इलेक्ट्रॉन गमावून बसतात, आणि आयन झालेल्या रुबिडियमच्या रेषा दिसणाऱ्या प्रकाशात सापडत नाहीत. मूलद्रव्य तेथे असते, फक्त ओळख बदललेली असते.

मग रुबिडियमला शोधायचे कोठे? साहांनी उत्तर दिले, सूर्यावरील डागांत. डाग आसपासच्या भागापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड असतात. तेथे काही रुबिडियम अणूंनी आपला इलेक्ट्रॉन राखून ठेवलेला असेल. अमेरिकेतील हेन्री नॉरिस रसेल यांनी माउंट विल्सन वेधशाळेने टिपलेल्या सूर्यडागांच्या वर्णपटात शोध घेतला आणि रुबिडियमच्या रेषा सापडल्या. दुर्बीण नसलेल्या माणसाने वर्तवलेले भाकीत जगातील उत्तम दुर्बिणीने खरे ठरवले.

हेलियमचेही कोडे असेच उलगडले. त्याची मूठ इतकी घट्ट, की सूर्याच्या पृष्ठभागावरच्या उष्णतेत त्याचा इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही. म्हणून साध्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्याच्या काळ्या रेषा दिसत नाहीत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरहून निरीक्षण करणाऱ्या यान्सेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना त्याची पिवळी रेषा दिसली, ती सूर्याच्या कडेबाहेरच्या तेजस्वी थरात. ताऱ्याच्या पृष्ठभागावरच हेलियमच्या काळ्या रेषा उमटायच्या, तर तो तारा सूर्यापेक्षा कितीतरी तप्त असावा लागतो.

सूर्य कशाचा बनला आहे?

साहांच्या समीकरणाचे पुढचे फळ एका तरुणीच्या हाती आले. सेसिलिया पेन केंब्रिजला शिकली. तेथे त्या काळी स्त्रियांना पदवी मिळत नसे. १९२३ साली ती अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत आली. तेथील वर्णपटांना तिने साहांचे समीकरण लावले. निष्कर्ष असा निघाला, की ताऱ्यांतील फरक मुख्यतः तापमानाचे आहेत, द्रव्यांचे नव्हेत. आणि सर्व ताऱ्यांत हायड्रोजन व हेलियम इतर साऱ्या मूलद्रव्यांपेक्षा प्रचंड प्रमाणात आहेत. सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा बनलेला आहे, असे मोठमोठे विद्वान मानत असताना हे विधान धाडसाचे होते. रसेल यांनीच ते अशक्य ठरवले. त्यामुळे १९२५ च्या प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे वाक्य पेनला स्वतःच घालावे लागले. चार वर्षांनी रसेल वेगळ्या मार्गाने त्याच उत्तराला पोहोचले आणि तिचे म्हणणे त्यांनी मान्य केले. आकडे खरे बोलत होते. त्यांचे ऐकून घ्यायला मात्र चार वर्षे लागली.

साहा १९२७ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते पारितोषिक त्यांना लाभले नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी विसाव्या शतकातील भारतीय विज्ञानाच्या दहा सर्वोच्च कामगिऱ्यांत साहांच्या समीकरणाची गणना केली आणि ते नोबेलच्या तोडीचे मानले. १९५२ साली साहा अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून गेले. पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष तेच होते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका त्या समितीचीच देणगी. ती पाहायला मात्र ते नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

'आयनीभवन ऊर्जा गणात वरून खाली कमी होते आणि आवर्तात डावीकडून उजवीकडे वाढते.' परीक्षेसाठी मुले हे वाक्य घोकतात, दोन गुण मिळवतात आणि पेपर संपताच विसरतात. घरात असे एखादे मूल पाठांतर करत बसले असेल, तर त्याला एवढेच सांगावे, की हे वाक्य अपुरे आहे. त्यापुढे 'का?' असा प्रश्न लिहायचा राहिला आहे. एकाने तो विचारला, तेव्हा निष्क्रिय वायू बोलू लागला. दुसऱ्याने विचारला, तेव्हा कलकत्त्यातल्या साध्या खोलीत बसून सूर्याचे गुपित कळले. तक्त्यातले आकडे सर्वांसाठी सारखेच असतात. त्यांना प्रश्न विचारणारी माणसे मात्र थोडी असतात.